सनद

आमच्या उल्हासनगरात सनद हा शब्द शाळेत जाण्याआधीच कानावर पडतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले, १९४९ मध्ये त्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले, आणि ज्याच्या ताब्यात बरॅकीतली खोली किंवा जमिनीचा तुकडा होता त्याला पुढे हक्काचा सरकारी कागद मिळाला. तो कागद म्हणजे सनद. कॅम्प ४ मध्ये आजही खोलीचा सौदा करताना भावाची गोष्ट नंतर निघते. आधी विचारतात, "सनद है क्या?" आणि सनद दाखवली तरी घेणारा ती उलटीसुलटी करून पाहतो, कारण बनावट सनदेच्या गोष्टी या शहराने पुष्कळ ऐकल्या आहेत.

वकिली करण्याचा जो परवाना मिळतो त्यालाही सनदच म्हणतात. शिवाय आम्हा मुसलमानांच्या घरात हा शब्द आणखी एका वाटेने येतो. हदीस सांगणाऱ्याने ती कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, अशी नावांची जी साखळी सांगावी लागते ती सनद. जमिनीचा कागद, वकिलाचा परवाना आणि सांगणाऱ्यांची साखळी या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मी जे म्हणतो त्याला आधार आहे, विश्वास नसेल तर तपासून पाहा.

आम्ही कायद्याचे जाणकार नाही. बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो. कायद्याची पुस्तके कोण छापतो, ती कशी विकली जातात, संगणकाने त्या धंद्याचे काय केले, या भानगडीत पडण्याचे आम्हाला कारण नव्हते. कारण घरातच निघाले.

२००६ मध्ये आमच्या फुफीला भिवंडीहून रजिस्टर पोस्टाने एक कागद आला. तिच्या नवऱ्याने पाठवलेला. तीन-चार ओळी होत्या, खाली सही. फुफी लहान मुलीला घेऊन आमच्याकडे कॅम्प ४ मध्ये राहायला आली. अब्बांनी दोन-तीन जाणत्या माणसांना विचारले. सगळ्यांनी एकच सांगितले, कागद आला म्हणजे झाले, आता बोलण्यासारखे काही उरले नाही. वकिलाकडे जावे असे कोणाच्या मनातही आले नाही. फुफीने जीन्सच्या कारखान्यातून पँटचे लूप शिवायचे काम नगावर घरी आणायला सुरुवात केली आणि त्यावर मुलीला मोठे केले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. घरात सर्वांत शिकलेले आम्हीच होतो, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तलाक दिलेली मुस्लिम स्त्रीही इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाखाली पोटगी मागू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. त्याच आठवड्यातल्या रविवारी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. नववीत आमच्या वर्गात होता, आता सनद घेऊन कल्याणच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर म्हणून काम करतो. त्या निकालावर बोलता बोलता तो म्हणाला, "सर, यात नवीन थोडं आहे. आपल्या मुंबई हायकोर्टाने तर २००२ सालीच मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे." त्याने मोबाइल काढला आणि दोन मिनिटांत औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाचा निकाल आमच्यासमोर ठेवला. दगडू छोटू पठाण विरुद्ध रहीमबी, मे २००२. तलाक दिला असे नवऱ्याने नुसते म्हणून किंवा लिहून भागत नाही. कारण काय होते, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न झाला होता का, हे सगळे त्याने न्यायालयात सिद्ध केले पाहिजे, असे तीन न्यायमूर्तींनी कुरआनच्याच आधाराने म्हटले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात जवळपास हेच सांगितले. तिहेरी तलाकवरच्या २०१७ च्या गाजलेल्या निकालाच्या पंधरा वर्षे आधी.

फुफी आतून ऐकत होती. ती बाहेर आली. "कौन से साल का बोला?"

"दो हजार दो का, फुफी."

"मेरा कागज तो छे में आया."

कोणी काही बोलले नाही. मग तिने एकच प्रश्न विचारला. "ये छपा था क्या?"

छापले होते. महाराष्ट्र लॉ जर्नलच्या त्या वर्षाच्या खंडात ते छापून आले होते, आणि विठ्ठलवाडीहून एका स्टेशनावर असलेल्या कल्याणच्या वकिलांकडे त्याचे अंक असणारच. एका स्टेशनाचे ते अंतर आमच्या घराला पार करता आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न आम्हाला सोडत नाही. ज्या कायद्याने माणूस बांधला गेला आहे, किंवा ज्याने तो सुटू शकतो, तो कायदा त्याच्यापर्यंत पोचवणे हे कोणाचे कर्तव्य आहे?

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारचे दुसरे तत्त्व मात्र फारसे कोणी सांगत नाही. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये अफूविषयी एक कायदा झाला. मंत्र्यांच्या सभेने ठराव केला आणि तो कागद फायलीत राहिला. गॅझेटात नाही, दवंडी नाही, काही नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. लोकांना कळेल अशा रीतीने जो जाहीरच झाला नाही तो कायदा लोकांना बांधू शकत नाही, असे त्यांनी ठरवले. दंड पन्नास रुपयांचा, पण त्यातून निघालेली गोष्ट केवढी!

तरीही जाहीर होणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. गॅझेटात छापले की सरकारचे काम संपले. आमच्याच शहराचे उदाहरण घ्या. २००६ मध्ये राज्याने खास उल्हासनगरमधली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी कायदा केला. एका शहरासाठी एक कायदा! हजारो कुटुंबांचे छप्पर त्या कागदावर टांगलेले. पण श्रीराम चौकापासून लालचक्कीपर्यंत तो कायदा स्वतः वाचलेला माणूस आम्हाला भेटलेला नाही. सगळ्यांना तो दुसऱ्याकडून ऐकून माहीत. ज्याने सांगितले त्याने कोणाकडून ऐकले, हे विचारायची पद्धत आमच्या इमारतींत नाही.

न्यायालयांच्या निकालांचे तर त्याहून वेगळे. न्यायाधीशाने निकाल दिला की तोही कायदाच होतो, पुढच्या खटल्यांत तो दाखवता येतो. मात्र तो शोधून, छापून, बांधून वकिलांपर्यंत पोचवण्याचे काम आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ बव्हंशी खासगी प्रकाशकांनी केले. महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. मुंबईत १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टर निघत आले. १९१४ पासूनचे निकाल देणारी ऑल इंडिया रिपोर्टर ही संस्था नागपूरची. देशभरच्या वकिलांच्या कचेऱ्यांत भिंतीला लावलेले एकसारखे जाड खंड दिसतात, त्यांतले कितीतरी नागपूरहून निघालेले. निकालाचा पत्तासुद्धा प्रकाशकाच्या नावाने सांगायचा. अमुक साल, ए.आय.आर., अमुक पान. लोकांच्या कायद्याचा पत्ता एका दुकानाच्या पत्त्यावरून सांगावा लागे, आणि यात कोणाला काही खटकत नव्हते.

आपल्या म्हणजे मुस्लिम कायद्याचे तर विचारूच नका. मोहल्ल्यात अनेकांना वाटते की कोर्टात ज्या "मुल्ला"च्या पुस्तकाचा आधार घेतात ते कोणा मौलानांचे असेल. ते दिनशा फरदुनजी मुल्ला, मुंबईचे पारशी वकील, पुढे प्रिव्ही कौन्सिलचे न्यायाधीश झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुस्लिम कायद्याची तत्त्वे कलमे पाडून, क्रमांक घालून मांडली. ती इतकी सोयीची होती की न्यायालयांनी कायद्याइतकाच मान त्या पुस्तकाला दिला. पुढे नागपूरला वकिली केलेले आणि देशाचे सरन्यायाधीश झालेले एम. हिदायतुल्ला यांनी त्याच्या नव्या आवृत्त्या संपादित केल्या. कित्येक वर्षे ते मुंबईच्या एन. एम. त्रिपाठींकडून निघे. नंतर ते लेक्सिसनेक्सिसकडे गेले, म्हणजे लंडनच्या एका बड्या कंपनीच्या मालकीच्या व्यवसायाकडे. दुसरीकडे आसफ फैजी, ज्यांचा जन्म इथून जवळच्या माथेरानचा, त्यांनी १९४९ मध्ये मुस्लिम कायद्यावर इंग्रजीत असा ग्रंथ लिहिला की जगभर वाचला गेला. आमच्या शाळेच्या वाचनालयात दोघांपैकी एकाचेही पुस्तक नाही. असायला हवे होते असे म्हणणेही धाडसाचे, कारण ती इंग्रजीत.

आता नकलेची गोष्ट. उल्हासनगरची थट्टा सगळ्या मुंबईने केली आहे. मालावर "मेड इन यूएसए" लिहिलेले असते आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. थट्टा आम्हीही हसून घेतो. पण देशाच्या कायद्याच्या नकलेवरून जो खटला झाला त्यात या गावाचे काही नव्हते, आणि तो वाचून आम्हाला नक्कल या शब्दाकडे नव्याने पाहावे लागले. कोर्टातून मिळणाऱ्या प्रमाणित प्रतीला नक्कल म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. आमच्या वर्गात मात्र नक्कल म्हणजे गुन्हा.

लखनौची ईस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापते. काही मंडळींनी तेच निकाल संगणकाच्या सीडीत भरून विकायला काढले. कंपनी न्यायालयात गेली. आम्ही निकाल मिळवले, चुका दुरुस्त केल्या, परिच्छेद पाडले, वर सारांश लिहिले, तेव्हा हे आमचे, असे तिचे म्हणणे. डी. बी. मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला १२ डिसेंबर २००७ रोजी निकाली निघाला. न्यायाधीशाने लिहिलेला निकाल सर्वांचा आहे, तो कोणीही छापावा, विकावा. नुसते कष्ट केले म्हणून हक्क निर्माण होत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी घातलेली हवी. संपादकाने लिहिलेला सारांश, त्याने विचार करून पाडलेले आणि क्रमांक दिलेले परिच्छेद, कोणता न्यायाधीश कोणाशी सहमत झाला याची त्याने केलेली नोंद, तेवढे प्रकाशकाचे. उर्दूत मुलांना सांगतात की नक्कल करायलाही अक्कल लागते. इथे सर्वोच्च न्यायालयाने ती अक्कल कोणती आणि किती, तेच मोजून दिले.

निकाल योग्य होता, असे आमचे मत आहे. तरी एक गोष्ट मनात राहते. ज्यांनी वर्षानुवर्षे टंकलेखनाच्या चुका काढल्या, स्वल्पविराम जागेवर ठेवले, त्या मुद्रितशोधकांचे कष्ट "नुसते कष्ट" ठरले. आम्ही शिक्षकही वर्षाला शेकडो वह्या तपासतो. त्या कामात कल्पकता किती असे कोणी विचारले तर काय उत्तर देणार? चूक राहू न देणे हे काम दिसत नाही. ते थांबले की मगच दिसते.

तो खटला निकाली निघाल्यावर महिन्याच्या आतच, जानेवारी २००८ मध्ये, इंडियन कानून हे फुकट शोधता येणारे संकेतस्थळ सुरू झाले. आमच्या विद्यार्थ्याने फुफीला निकाल दाखवला तो तिथूनच. मग सरकारही जागे झाले. २००७ पासून ई-कोर्टाचा प्रकल्प चालू होताच. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले सुमारे ३४,००० निकाल, सारांशांसकट, कोणालाही विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी निकालाला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक मिळू लागला. दुकानाच्या पत्त्यावाचून निकालाचा पत्ता सांगता येऊ लागला. आमच्या मते ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे.

पण वकिलांच्या कचेरीत काय घडले ते आमच्या विद्यार्थ्याने सांगितले. त्याच्या ज्येष्ठांकडे खंडांनी भरलेल्या चार भिंती आहेत. पक्षकारावर छाप पडावी म्हणून त्या तशाच ठेवल्या आहेत. काम सगळे संगणकावर, वर्गणी भरून. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तेव्हा जुन्या पुस्तकांचे एक कपाट रद्दीवाल्याने किलोवर नेले. ज्या चारशेवीसने आपल्या भाषेला एक शिवी दिली तिचा क्रमांक आता ३१८ आहे. १२५व्या कलमाचे १४४ झाले. म्हणजे ज्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलैला तो निकाल दिला त्याचा क्रमांक नऊच दिवसांपूर्वी बदलला होता! प्रकाशकांची त्या वर्षी चंगळ झाली असणार.

त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. त्याच्या ज्येष्ठांनी तरुणपणी स्वतःकडे पुस्तके नसताना दुसऱ्या वकिलांची मागून नेली, रात्री वाचली, सकाळी परत केली. विकत घेतलेले पुस्तक घेणाऱ्याचे होते, ते उसने देता येत होते. वर्गणीचे तसे नसते. पैसे भरणे थांबले की कपाटाला कुलूप, आणि किल्ली दुसऱ्याला देणे म्हणजे करार मोडणे. फुकट संकेतस्थळावर निकाल मिळतो, पण हा निकाल पुढे कोणी फिरवला का, हे खात्रीने सांगणारी सोय बहुधा पैसे भरणाऱ्याकडेच असते. कायदा फुकट झाला, कायद्याविषयीची खात्री महाग झाली. गरीब अशिलाच्या गरीब वकिलाकडे पहिली गोष्ट असते, दुसरी नसते.

"आणि वाचता का पूर्ण?" आम्ही त्याला विचारले. तो हसला. "सर, खरं सांगू? शोधशब्द जिथे पिवळा दिसतो तेवढा परिच्छेद वाचतो." आम्हाला हसू आले नाही. आमच्या वर्गातली मुले पाठ्यपुस्तक न वाचता डायजेस्ट वाचतात. वकिलांच्या सारांश-संग्रहालाही डायजेस्टच म्हणतात, हे त्याने सांगितले तेव्हा मात्र दोघेही हसलो.

भाषेविषयी थोडे. घटनेच्या ३४८व्या कलमाने, संसद दुसरी तरतूद करेपर्यंत, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय भाषांतल्या भाषांतरांचा पहिला हप्ता खुला केला. १,२६८ निकाल. त्यांत हिंदीत १,०९१, मराठीत १४, उर्दूत ३. यंत्राच्या मदतीने पुढे ही संख्या खूप वाढली, हे खरे. तरी ते १४ आणि ३ आम्ही वहीत लिहून ठेवले आहेत, कारण आमच्या दोन्ही भाषा त्यात आहेत. शिवाय भाषांतराबरोबर एक सूचना असते की हे पक्षकाराला समजावे एवढ्यापुरतेच आहे, प्रमाण मानायचे ते इंग्रजी. म्हणजे आमच्या भाषेत कायदा समजतो, पण आमच्या भाषेत तो बांधत नाही. आणि बांधतो त्या भाषेत समजत नाही.

हे सगळे निस्तरेल अशी आशा यंत्राकडून आता बाळगली जात आहे. प्रश्न उर्दूत विचारा, उत्तर उर्दूत मिळते. आमच्या विद्यार्थ्याने एकदा असाच प्रश्न यंत्राला विचारून पाहिला. तलाक सिद्ध करण्याविषयी मुंबई हायकोर्टाचे निकाल दे. यंत्राने चार दिले. पक्षकारांची नावे, साल, खंड, पान. तीन खरे होते. चौथा शोधायला त्याने एक अख्खी दुपार घालवली. तो कुठेच नव्हता. नावे मुसलमानी, साल पटण्याजोगे, पान क्रमांकसुद्धा ठीक. फक्त असा खटला कधी झालाच नव्हता.

हे एकट्याच्या वाट्याला आलेले नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये वकिलांनी यंत्राने रचलेले निकाल न्यायाधीशांपुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले तपासल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाला सांगावे लागले. तिथे करदाता वरपर्यंत जाऊ शकणारा होता म्हणून सापडले. पोटगीचा अर्ज हातात घेऊन कोर्टाच्या बाकावर बसलेल्या बाईसमोर असा चौथा निकाल आला, तर तो खोटा आहे हे तिला कोण सांगणार?

इथे आम्हाला आपले जुने मुहद्दिस आठवतात. त्यांच्यासमोर हाच पेच होता. सांगणारे हजारो, सांगितलेले लाखो, त्यात मनाने रचलेले, म्हणजे मौजू, पुष्कळ. आणि रचलेले बहुधा फार गोड असे, कारण ते ऐकणाऱ्याला हवे तसेच रचलेले. त्यांनी मजकुराच्या आधी माणसे तपासली. हा कोणाकडून ऐकल्याचे सांगतो, दोघे एका काळात जगले होते का, भेटले होते का, याची स्मरणशक्ती कशी, हा व्यवहारात खोटा बोलतो का. यातून अस्मा-उर-रिजाल ही एक पूर्ण विद्याशाखाच उभी राहिली, सांगणाऱ्या हजारो माणसांच्या नोंदींची. यंत्राला ही कसोटी लावून पाहा. त्याने कोणाकडून ऐकले? सगळ्यांकडून, म्हणजे कोणाकडूनच नाही. खोटे बोलले तर त्याची इज्जत जाते का? त्याला सनद नाही, त्यामुळे जप्त करण्यासारखेही काही नाही. वकिलाची सनद जप्त होऊ शकते. त्याच्या शब्दाला किंमत आहे ती त्याच्या हुशारीमुळे थोडी आणि या भीतीमुळे जास्त, असे आम्हाला वाटते.

याचा अर्थ यंत्र फेकून द्यावे असा नाही. २००६ मध्ये आमच्या घरी असे एखादे यंत्र असते, तर चारातले तीन खरे निकाल तरी फुफीच्या कानावर पडले असते. त्या वर्षी तिला सल्ला देणाऱ्या सगळ्या माणसांनी मिळून एकही खरा निकाल सांगितला नव्हता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर यंत्राइतकाच आत्मविश्वास होता. प्रकाशकाला दोष देता येत नाही, त्याने छापले होते. न्यायालयाला नाही, त्याने निकाल दिला होता. वकिलाकडे आम्ही गेलोच नव्हतो. राहिलो आम्ही. वर्तमानपत्र वाचणारे, कॉलेजात जाणारे, घरातले शिकलेले. कल्याणला जाऊन एखाद्या वकिलाला विचारणे, एवढे काम होते. परीक्षा जवळ आली होती, हे आम्हाला चांगले आठवते.

त्या रविवारनंतर दोन दिवसांनी फुफी म्हणाली, "मुझे उसकी नकल चाहिये." कशाला, असे विचारायची हिंमत झाली नाही. व्हीनस चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात तो निकाल छापून घेतला. मुलाने पाने मोजून पैसे सांगितले, वर विचारले, "सर, स्पायरल करू का?" फुफीने पाने हातात घेऊन चाळली. इंग्रजीतले तिला एक अक्षर येत नाही. म्हणाली, "उर्दू में लिख के दे."

तीन आठवडे लागले. यंत्राला सांगून एका मिनिटात झाले असते. पहिले पान तसे करूनही पाहिले, भाषा आमच्यापेक्षा सफाईदार होती. एका जागी "सिद्ध केले पाहिजे" याचे "सांगितले पाहिजे" झाले होते. ते पान बाजूला ठेवले आणि शब्दकोश घेऊन बसलो. अडले तिथे विद्यार्थ्याला फोन केला. सगळा निकाल झाला नाही, जो भाग तिच्या कामाचा तेवढाच केला. वहीची बावीस पाने.

फुफीने ती रात्री उशिरापर्यंत वाचली. पुढे काय करायचे ते तिने अजून कोणाला सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. सकाळी वही परत आणली तेव्हा तिच्या हातात तो भिवंडीचा कागदही होता, घडीवर फाटलेला. वहीचे शेवटचे पान उघडून तिने बोट ठेवले.

"यहाँ नीचे तेरा नाम लिख. पूरा. और तारीख."

"का?"

"कल कोई पूछे किसने बताया, तो?"

आम्ही नाव लिहिले, तारीख घातली. तिने घरचा पत्ताही लिहायला लावला. मग वही आणि तो कागद एकाच पिशवीत घालून तिने पत्र्याच्या पेटीत ठेवले.